काउंटर चालू आहे

मी बँकेत कारकून आहे. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, 'असोसिएट' म्हणतात. पण त्यामुळे पगारात फारसा आणि लोकांच्या मतात मुळीच फरक पडलेला नाही. लोकांचं मत असं, की बँकेतला माणूस काही करत नाही, तो नुसता बसतो. खिडकीपलीकडे एक माणूस मान खाली घालून स्वस्थ बसलेला दिसला की तो मोकळाच आहे, अशी पब्लिकची पक्की खात्री असते. मग काच टकटक वाजते.

"अहो, स्लिपा कुठं ठेवल्यात?"

त्या क्षणी मी मळक्या नोटांची गड्डी हातानं मोजत असतो. मोजायचं यंत्र आहे. पण फाटक्या, चिकटवलेल्या आणि भज्यांच्या तेलात न्हालेल्या नोटा यंत्र घेत नाही, त्या माणसालाच घ्याव्या लागतात. मी त्र्याहत्तरपर्यंत आलेला असतो. स्लिपा कुठं ठेवल्यात हे सांगायला मला दोन सेकंद लागतात, पण त्र्याहत्तर गेलेले असतात. पुन्हा एकपासून. एकसष्टला दुसरा टकटक करतो. "सर्व्हर चालू आहे का?" तोही सज्जन असतो, दोनच सेकंद घेतो.

हे गाऱ्हाणं मी माझ्यासाठी मांडत नाही. मला संघटना आहे, संप करता येतो, बदली मागता येते (मिळत नाही, ते सोडा). आज मी ज्यांची बाजू मांडायला उभा आहे त्यांना यातलं काहीच नाही. ते स्वस्थ उभे दिसतात म्हणून जग त्यांना मोकळे समजतं, ते मोजत असताना येऊन टकटक करतं, आणि वर म्हणतं, "दोन मिनिटांत परत येऊन बसतात की!"

मी बोलतोय ते अलिबागच्या किनाऱ्यावर, कुलाबा किल्ल्याच्या वाटेवर हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांविषयी.

माझी अलिबागला बदली झाली तेव्हा पक्षी या विषयातलं माझं ज्ञान कावळा, चिमणी, कबूतर आणि 'इतर' एवढं होतं. कॉमर्सच्या माणसाला 'इतर' हे सदर फार उपयोगी पडतं. जे कळत नाही ते तिथं टाकून ताळेबंद जुळवता येतो. समुद्रावर जे पांढरं उडतं तो सीगल, वाळूत जे धावतं ते 'इतर'. माझं हे खातं विसकटलं ते एका पेन्शनरांमुळे.

नोव्हेंबर महिना होता. नोव्हेंबरात आमच्याकडे पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला येतात. तुम्ही अजून जिवंत आहात असं लिहून द्या, म्हणजे आम्ही तुम्हाला जगायला पैसे देऊ, अशी ती व्यवस्था आहे. त्या रांगेत एक निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. सगळे त्यांना मास्तरच म्हणत, मीही म्हणू लागलो. गळ्यात दुर्बीण अडकवून बँकेत आलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. मी म्हटलं, "मास्तर, रांग एवढीही लांब नाहीये."

मास्तर हसले नाहीत. (शिक्षक आणि मॅनेजर आमच्या विनोदाला हसत नाहीत.) ते म्हणाले, "सही घ्या लवकर. तृतीया आहे. सव्वाआठला ओहोटी होती, आता पाणी चढत असेल. तिकडेही हयातीचे दाखले आलेत, ते बघायचेत."

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. खरं सांगायचं तर निसर्गप्रेमानं नाही, 'सव्वाआठ' कसं काढलं ते विचारायला गेलो. आमच्यासारख्या हिशेबी माणसाला असं कुणी तोंडी उत्तर काढलेलं सहन होत नाही. कोकणातला तो जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थी असली तर चार पाऊणे तीन. तीनच्या सुमाराला भरती, आणि त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण एका गुणाकारात समुद्राची वेळ सांगणारं हे गणित मला बी.कॉम.च्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. पुन्हा अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी चढतंही खूप आणि हटतंही दूरवर. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी आळसटतं, आणि किल्ल्याकडे जाताना विजार गुडघ्यापर्यंत दुमडावी लागते.

हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतला, संभाजी महाराजांनी पुरा केला. पुढे आंग्र्यांचं ते मोठं ठाणं झालं. भरतीला ते बेट असतं, ओहोटीला चालत जाण्याजोगी टेकाडवजा जमीन. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून या किल्ल्यावर स्वारी केली आणि दोघंही हात हलवत परत गेले. त्यांच्याकडे तोफा होत्या, जहाजं होती. पण माझ्या मेहुण्याकडे असतं ते फरसाण नव्हतं. मेहुण्याकडे मी येतोच.

तर ओहोटी लागली की शहराचा किनारा आणि किल्ला यांच्यामध्ये ओल्या वाळूचा, खडकांचा आणि चिखलाचा एक भलाथोरला पट्टा उघडा पडतो. आपल्याला ती वाट वाटते. मास्तर म्हणाले, "वाट नाही हो, खाणावळ आहे." त्या ओल्या वाळूच्या पोटात किडे असतात, शिंपले असतात, नखाएवढे खेकडे असतात. पाणी वर असताना पक्ष्याची चोच तिथं पोचत नाही, आणि वाळू सुकली की किडा खोल जातो. म्हणजे वेळ मिळतो तो पाणी हटल्यापासून पाणी येईपर्यंत. बँकेच्या भाषेत, रोकड व्यवहाराची वेळ. त्या वेळेत भरलं ते भरलं. आणि ओहोटी कधी मध्यरात्रीही येते. हे वाळूतले चिखले पक्षी चांदण्यात, अंधारातही टिपत असतात, असं मास्तरांनी सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा त्यांच्याविषयी आपुलकी वाटली. नाईट ड्यूटी, आणि भत्ता नाही.

मग एकेकाची ओळख झाली. सीगलला मराठीत कुरव असा छान शब्द आहे. त्यात एक तपकिरी डोक्याचा कुरव आणि एक काळ्या डोक्याचा कुरव. मी दुर्बीण लावली आणि म्हटलं, "मास्तर, या दोघांची डोकी तर पांढरी आहेत."

"हिवाळ्यात पांढरीच असतात. कानामागे एक ठिपका राहतो फक्त."

"मग नाव तपकिरी डोकं कशाला?"

"उन्हाळ्यात तपकिरी होतं."

"उन्हाळ्यात इथं असतो का तो?"

"नाही. तिकडे लडाख, तिबेटातल्या तळ्यांवर जातो."

म्हणजे जो पक्षी आपल्याकडे असतो तेव्हा त्याचा चेहरा नावाशी जुळत नाही, आणि जुळतो तेव्हा तो आपल्याकडे नसतो! के.वाय.सी.च्या नियमात हे बसत नाही. अशा गिऱ्हाइकाचं खातं मी उघडलं नसतं. पण मास्तरांनी दुसऱ्या खुणा दाखवल्या. तपकिरीवाल्याचा डोळा फिका, काळ्यावाल्याचा गडद. तपकिरीवाल्याच्या पंखांच्या काळ्या टोकांवर पांढरे ठिपके, काळ्यावाल्याच्या पंखाची पुढची कड पांढरी. सही जुळली नाही तरी अंगठ्यावरून माणूस ओळखावा तसं. मार्चमध्ये डोकी खरोखर तपकिरी होऊ लागतात. तेव्हा समजायचं, मंडळी निघाली.

बाकी कर्मचारीवर्ग मग दिसू लागला. चार पावलं धावायचं, एकदम थांबायचं, एक टोच मारायची, पुन्हा धावायचं, असा इन्स्पेक्शनच्या दिवशीच्या हेडकॅशियरसारखा वागणारा चिखल्या. लाट मागे सरली की तिच्यामागे आणि लाट पुढे आली की तिच्यापुढे पळणारा, सँडरलिंग नावाचा पांढुरका चिमुकला पक्षी. याला मी मनातल्या मनात आमचा शिपाई म्हणतो. खडकांवर कालवफोड्या, काळापांढरा, लालभडक चोचीचा. आणि सगळ्यांपासून दूर एकटा उभा असलेला कोरल: तपकिरी, मोठा, वीतभर लांब, खाली वाकलेली चोच. ती तो वाळूत मुळापर्यंत खुपसतो आणि क्षणभर तसाच राहतो, लेजरमध्ये डोकं घालून बसलेल्या जुन्या अकाउंटंटसारखा. आतली वस्तू दिसत नाही. चोचीच्या टोकाला कळते.

आणि हा उभा असलेला दिसतो म्हणून लोक म्हणतात, पक्षी नुसता बसलाय.

आता मेहुणा. मेहुणा ठाण्याला असतो. माणूस लाखात एक, ही गोष्ट मी सौ.च्या समोर नव्हे, तिच्या मागेही म्हणतो. गेल्या जानेवारीत तो मोठ्या गाडीतून सहकुटुंब आला. रविवार होता आणि नेमकी संकष्टी. किल्ल्यात गणपतीचं देऊळ आहे, रघुजी आंग्र्यांनी बांधलेलं. चतुर्थी, म्हणजे ओहोटी नऊला. मी अभिमानानं पाऊणपट करून दाखवली. मेहुण्यानं तोवर मोबाईलवर बघितलं होतं. "नऊ बारा," तो म्हणाला. "बरोबर आलं की भाऊजी तुमचं!" जणू मोबाईल मूळ आणि पंचांग त्याची नक्कल.

साडेसातला आम्ही किनाऱ्यावर. थंडी होती, पाणी हटत होतं, आणि ओल्या वाळूवर दीड-दोनशे कुरव एका दिशेला तोंड करून उभे होते. मधून मधून चिखल्यांची धावपळ. मी म्हटलं, आता यांना जरा बाजूला बसवावं, दुर्बीण द्यावी, डोळ्याचा रंग दाखवावा. मी दुर्बिणीची पिशवी उघडेपर्यंत मेहुण्यानं दुसरी पिशवी उघडली होती. तिच्यात अर्धा किलो गाठ्या होत्या.

"मांडव्याच्या लाँचवर बघितलं ना मागे, कसे येतात हातातलं घ्यायला!" आणि मग चिरंजीवांना, "धाव रे! मधून धाव! मी काढतो!"

चिरंजीव धावले. दीड-दोनशे पक्षी उठले. आकाश पांढरं झालं, ते दृश्य सुंदर होतं हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. फोटो हलला. पाच मिनिटांनी पक्षी पुढे शंभर पावलांवर उतरले. "पुन्हा धाव!" पुन्हा आकाश पांढरं झालं. तिसऱ्या वेळी फोटो चांगला आला, पण त्यात चिरंजीवांचे डोळे मिटलेले होते.

मग मी मोजायला लागलो. सवय आहे. आठ ते दहा या दोन तासांत तो थवा सतरा वेळा उडाला. त्यात आमच्या खात्यावर सहा. बाकीचे: एका कुटुंबाचा कुत्रा, दोनदा, वाळूत गोल गोल फिरणारी भाड्याची चारचाकी मोटारसायकल, चारदा, लग्नाआधीचे फोटो काढून घेणारं एक जोडपं, तीनदा (दोघांना पक्ष्यांच्या मधून हातात हात घालून पळायचं होतं, लग्नानंतर इतकं पळावं लागतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसावं), आणि दोनदा एक गृहस्थ, ज्यांच्याविषयी मला जास्त राग आहे. त्यांच्या अंगावर झाडपाल्याच्या नक्षीचे कपडे होते, हातात बंदुकीएवढी लेन्स होती, आणि ते पक्षीमित्र होते. पोटावर सरपटत ते पुढे पुढे गेले, पक्षी उडेपर्यंत गेले, उडाल्यावर उठून पॅन्ट झटकली आणि समाधानानं म्हणाले, "फ्लाइट शॉट मिळाला." या मित्रापेक्षा आमचा मेहुणा बरा. त्यानं निदान गाठ्या तरी दिल्या.

घोडागाड्या मात्र मी त्यात धरलेल्या नाहीत, कारण त्यांनी एकदाही थवा उडवला नाही. दहा-बारा गाड्या घंटा वाजवत गेल्या-आल्या. पक्षी जरा सरकले, वाट दिली, पुन्हा टिपू लागले. घोडा सरळ जातो. पक्ष्याला कळतं, याला किल्ल्यात जायचंय, माझ्याकडे याचं काही काम नाही. नियमित गिऱ्हाईक आणि काचेवर टकटक करणारा यांच्यातला फरक मला ज्या अनुभवानं कळला त्याच अनुभवानं तो कुरवालाही कळलेला असावा. म्हणून कुणी मला "पर्यटनावर गावाचं पोट आहे" हे ऐकवू नये. मला माहीत आहे. त्या गाडीवाल्यांची खाती आमच्याच शाखेत आहेत. मी लोकांनी येऊ नये म्हणत नाही. घोड्याइतपत अकलेनं चालावं एवढंच म्हणतोय.

दुपारी पापलेट खाताना मी विषय काढला. मेहुण्यानं सगळ्यांचे वकीलपत्र घेतलं. पहिला मुद्दा तोच, "परत येऊन बसतात की दोन मिनिटांत."

मी म्हटलं, बसतात. मीही पुन्हा एकपासून मोजतो. पण ऐंशी-शंभर ग्रॅम वजनाचं सोडा, चिखल्या त्याहून कितीतरी हलका असतो. त्याची सगळी शिल्लक त्याच्या अंगावरच्या चरबीत. दुसरं खातं नाही, ओव्हरड्राफ्ट नाही, घरून मनीऑर्डर नाही. बसून टिपलं की जमा, उडाला की नावे. सतरा वेळा तू त्याच्या सहीशिवाय त्याच्या खात्यातून पैसे काढलेस. आणि वर जी जमा व्हायची वेळ होती ती गेली, ती वेगळीच. उद्या बारा मिनिटं नाही, पाऊण तास उशिरा ओहोटी, परवा भांगाकडे. आणि त्यांचंही एक मार्च एंडिंग असतं. मार्च-एप्रिलमध्ये या दीडवीत पक्ष्याला हिमालय ओलांडून लडाख, तिबेट, पामीरच्या पठारावर जायचंय, तिथं घरटं करायचंय. त्याआधी अंगावर चरबी चढवावी लागते. मार्च एंडिंगला आमचा हिशेब जुळला नाही तर रात्री उशिरापर्यंत बसवतात. त्याचा जुळला नाही तर तो वाटेत पडतो.

"एवढासा पक्षी कुठला जातोय!" मेहुणा म्हणाला.

मग मी ठेवणीतला आकडा काढला. २०२२ सालच्या ऑक्टोबरात पट्टेरी शेपटीचा एक पाणटिवळा, वय महिने पाच, पाठीवर चिमुकला ट्रान्समीटर घेऊन अलास्कातून निघाला आणि टास्मानियात उतरला. १३,५६० किलोमीटर, अकरा दिवस, मध्ये कुठंही न थांबता, न खाता, न पिता. पोराला आपलं नाव नव्हतं. २३४६८४ हा नंबर होता, खातेक्रमांकासारखा. त्याच जातीचे भाऊबंद हिवाळ्यात आपल्याही पश्चिम किनाऱ्यावर येतात.

मेहुणा दोन घास गप्प होता. मग म्हणाला, "तेवढं उडणाऱ्याला आमच्या पोराच्या धावण्यानं काय होतंय?"

हा प्रश्न तुम्हालाही पटण्यासारखा वाटला असेल. मलाही क्षणभर वाटला. पण घरच्या बांधकामासाठी वीस वर्षं पै पै साठवणाऱ्या माणसाकडून रोज शंभर रुपये काढून घ्यावेत आणि म्हणावं, "एवढं मोठं घर बांधणाऱ्याला शंभरानं काय होतंय?", त्यातला हा युक्तिवाद आहे. तो शंभरच साठवत होता हो!

दुसरा मुद्दा गाठ्यांचा. "आम्ही खायला घालतो. पुण्य असतं ते. आणि खातात की आवडीनं!" खातात, हे खरंच. कुरव काहीही खातो, कचराही खातो. पण कुणी घेतलं म्हणजे त्याला ते परवडतं असं नाही. हे कर्जखात्यात बसलेल्या माणसाला तुम्ही सांगू नका. तळलेलं, मिठाचं, तिखटाचं, सोड्याचं बेसन पाचशे मैलांच्या प्रवासाला उपयोगी असतं तर आमचा मेहुणा आत्तापर्यंत तिबेटात पोचला असता. पुण्यच करायचं तर मेहुण्यानं त्या गाठ्यांची प्लॅस्टिकची पिशवी परत न्यायची होती. ती मी उचलली. पुण्य कुणाच्या नावे जमा झालं ते चित्रगुप्ताच्या लेजरमध्ये बघावं लागेल.

"तुम्ही बँकवाले पक्ष्यांचे एवढे कधीपासून झालात?" हा तिसरा मुद्दा. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. इथून जवळच किहीमला सलीम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात सुगरणींची वस्ती बघत मुक्काम ठोकला होता. नोकरी गेलेली होती. सासुरवाडीच्या घरी राहत होते. दिवसच्या दिवस बसून त्यांनी सुगरण नर एकामागून एक घरं बांधतो आणि प्रत्येक घरी वेगळी बायको नांदवतो, हे नोंदवलं. (सौ.ला हा भाग मी सांगत नाही.) त्या माणसानं तरुणपणी मुंबईच्या दावर कॉमर्स कॉलेजात कायदा आणि हिशेबनीस शिकली होती! म्हणजे आमचाच माणूस. एकही पक्षी न उडवता दिवसभर बसता येणं ही मुळात हिशेबनिसाची कला आहे. तेव्हा त्यांना कुणी नातेवाईक म्हणाला असेलच, "नुसता बसतोय."

एवढ्यावर मी वाद जिंकला असं तुम्हाला वाटेल. पण सौ. आतून पोळी घेऊन आली आणि म्हणाली, "आणि आपल्या पहिल्या वर्षी काय केलं होतंत?"

सांगतो. लपवण्यासारखं असलं तरी ते व्हाउचर फाडता येत नाही. अलिबागला आलो त्या पहिल्या डिसेंबरात, मास्तर भेटण्यापूर्वी नाही, भेटल्यानंतर महिन्यानं, कोरलाला उडताना बघायचं म्हणून मी टाळी वाजवली होती. एकच टाळी. तो उडाला, 'कु-र्ली' असं काहीसं लांबट, पोटातून ओरडत किल्ल्याच्या बाजूला गेला. मास्तर माझ्याशी परत येईपर्यंत बोलले नाहीत. घराशी आल्यावर म्हणाले, "खिडकी उघडी आहे म्हणून आत हात घालायचा नसतो, एवढं तुम्हाला तरी कळायला हवं."

त्या कोरलाचा एक चुलतभाऊ होता, बारीक चोचीचा. तो आपल्याकडे येत नसे. सैबेरियातून भूमध्य समुद्राच्या बाजूला जाई. १९९५ साली मोरोक्कोच्या किनाऱ्यावर तो शेवटचा खात्रीनं दिसला. पुढे तीस वर्षं लोक दुर्बिणी घेऊन शोधत होते. आमच्याकडे दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं, दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेकडे जातात. तिथं मात्र तीस वर्षं वाट बघितली. २०२५ साली ती जात संपली म्हणून जाहीर झालं. ते टाळीनं झालं नाही आणि गाठ्यांनीही नाही. बंदुका आणि गेलेल्या पाणथळ जागा यांनी झालं. मी कुणावर खोटं नावे टाकत नाही. पण ती बातमी वाचली त्या दिवशी मी मास्तरांना फोन केला आणि दोघंही बराच वेळ हवापाण्यावर बोललो.

मेहुण्याची मुलगी जेवताना हे सगळं ऐकत होती. वय वर्षं नऊ, पुढचे दोन दात नवे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला उठवलं. "काका, पंचमी आहे. पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे ओहोटी पावणेदहाला. आठला गेलं तर चालेल?" तिला हे एकदाच सांगितलं होतं. आमच्या शाखेत या पोरीला मी उद्याच्या उद्या घेतली असती.

सोमवार होता, मी अर्धी रजा टाकली. किनाऱ्यावर गर्दी नव्हती. आम्ही कोरड्या वाळूवर बसलो. तिनं दुर्बीण घेतली, फिका डोळा शोधला, मग कुरव मोजायला लागली, मोठ्यानं, बोट नाचवत. मी श्वास धरून होतो. सत्तर, एकाहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर...

आणि मागून एक सद्गृहस्थ सकाळचं फिरायला आले, दोन्ही हात वर करून "हॅ:!" म्हणाले, आणि थवा उडाल्यावर प्रसन्न होऊन उभे राहिले. व्यायाम म्हणून करत असावेत.

पोरगी ताडकन उठली. "अहो काका! ते कामावर आहेत!"

"कोण?"

"पक्षी! मी मोजत होते आणि ते जेवत होते. आता मला पहिल्यापासून मोजायला लागणार!"

गृहस्थ गोंधळले. लहान मुलीशी वाद कसा घालावा हे न कळून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कसलं काम करतात पक्षी?"

"आमच्या काकांना विचारा," ती म्हणाली. "ते बँकेत असतात."

गृहस्थांचा चेहरा एकदम उजळला. माझ्या शेजारी वाळूत बैठक मारत ते म्हणाले, "बँकेत? अरे वा! मग बरं झालं भेटलात. दोनच मिनिटं... ते लॉकरचं जरा विचारायचं होतं."